आर्वीची पेटी, मोंबाशाची पेटी

परवा पेपरात एक तक्ता छापून आला होता. माल भरलेला लोखंडी कंटेनर दारातून काढून जहाजावर चढवेपर्यंत कोणत्या देशात किती खर्च येतो, त्याचा. एका रकान्यात आपला देश, शेजारच्या रकान्यात दुसरा. नातसुनेनं तो मला वाचून दाखवला आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला कंटाळा येत असेल." मी म्हटलं, कंटाळा कशाचा? हा हिशेब मी स्वतः केलाय, आर्वीत, लग्नाला वर्ष व्हायच्या आत, डोक्यावरचा पदर सांभाळत. फरक एवढाच की कंटेनरच्या जागी आंब्याच्या फळ्यांची पेटी होती आणि दोन देशांच्या जागी माझा बाप आणि माझा सासरा.

बाबा मूळ नाचणगावचे. पुलगावला मालधक्क्यावर कारकुनी करायचे. लढाई संपली आणि आफ्रिकेत बंदराच्या कामाला माणसं हवीत असं कुठूनसं कळलं, तसे ते आईला घेऊन मोंबाशाला गेले. मी नाचणगावलाच काकांकडे राहून मॅट्रिक झाले. बाबा लांबलचक रजेवर आले तेव्हा त्यांनी माझं लग्न आर्वीला लावून दिलं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती आणि रुपयाचे सोळा आणे होते.

सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडे रीत. मामाजींची कापसाच्या बाजारात अडत होती. शेतकऱ्याचा कापूस त्यांच्या दुकानी यायचा, सरकी काढायला जिनात जायचा, गाठी होऊन मुंबईला जायचा. तिथून पुढं त्याचं काय व्हायचं ते मुंबईवाल्यांना ठाऊक. पण मामाजी "आपला माल विलायतेले जाते" हे अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे स्वतः गाठ डोक्यावर घेऊन पोचवून आले.

भांडण लागलं ते लग्नानंतरच्या मानाच्या जेवणात. मामाजी आपल्या व्याह्यांना, म्हणजे बाबांना म्हणाले, "इवाई, तिकडं सारं महाग असन नाई? आपल्या देशातल्यावानी सवंग कुठंच नाई."

"वस्तू सवंग हाये आपल्याकडं," बाबा म्हणाले. "पाठवणं सवंग नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे मोंबाशाहून एक पेटी जहाजावर चढवाले जे लागते, त्याच्या दुप्पट तुमाले आर्वीहून लागन."

मामाजींचा घास हातातच राहिला. त्यांच्या पंगतीत, त्यांच्या अंगणात, मुलीच्या बापानं त्यांच्या देशाला महाग म्हटलं होतं. "बोलाले काय लागते? पाठवून दाखवा. तुमी तिकडून पाठवा, मी इकडून पाठवतो. ज्याचा खर्च जास्त, थो हरला."

"अन् हरला त्यानं काय कराचं?"

"जल्मभर पयले रामराम कराचा!"

"मंजूर," बाबा म्हणाले. जरा जास्तच पटकन म्हणाले.

पंगत खदखदून हसली. मामाजींना वाटलं, त्यांच्या हजरजबाबीपणाला हसली. आत्याबाई बासुंदी वाढत होत्या, त्यांच्या हातातली पळी जागीच थांबली आणि त्यांनी ओठ घट्ट दाबून घेतले. मुलीचा बाप तसाही आयुष्यभर आधी रामराम करायला बांधलेलाच असतो. बाबा हरले तरी त्यांचं काही जाणार नव्हतं. ही गोष्ट मामाजींच्या ध्यानात दोन-तीन दिवसांनी आंघोळीच्या वेळी आली. ते तसेच ओल्या धोतरानं स्वैपाकघराच्या दारात आले.

"तुले तवाच समजलं व्हतं?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

"समजलं व्हतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"पंगतीत बाईमाणसानं बोलाव का?" आत्याबाई म्हणाल्या आणि भाकर उलटवली.

जायच्या आधी बाबांनी नियम ठरवून घेतले. बंदरातला माणूस, त्यांचं सगळं मापात. एकाच लांबीच्या दोन सुतळ्या घेतल्या, लांबी-रुंदी-उंचीच्या जागी गाठी मारल्या, एक मामाजींना दिली, एक स्वतःच्या ट्रंकेत टाकली. पेटी त्या मापाची, वजन भरून एक मण. आत काय भरायचं ते ज्याची त्याची मर्जी. घराच्या उंबऱ्यापासून जहाजावर टेकेपर्यंतचा सारा खर्च धरायचा. त्यापुढचं समुद्रावरचं भाडं धरायचं नाही, कारण दोघांनाही समुद्र सारखाच लांब. हिशेब ठेवायचा मी. "पोरगी दोन्हीकडची हाये," मामाजी म्हणाले, "कोनाचीच बाजू घेणार नाई." ते मला अजून ओळखत नव्हते.

बाबा गेले आणि मामाजी कामाला लागले. पेटी बनवायला त्यांनी ओळखीचा सुतार बोलावला. पेटी झाली, सुंदर झाली, सुतार पैसे न घेता चहा पिऊन गेला.

"पेटी: काहीच नाही," मामाजींनी मला सांगितलं.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या सुपातले खडे वेचत होत्या. "मांगच्या सालात त्याच्या पोरीच्या लग्नात आपण लुगडं नेसवलं," त्या खड्यांना म्हणाल्या. "त्याच्यातूनच फिटलं असन."

"थे वळखीचं हाये. वळखीचं मोजत नसते."

"वळख का झाडाले लागते?"

सुताराचे दोन रुपये धरले गेले.

मग पेटीत काय भरायचं हा प्रश्न. मामाजींच्या मनात शंकाच नव्हती: आर्वीहून जाणार तर कापूसच जाणार. आता मणभर सरकी काढलेला कापूस म्हणजे काय, ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायला हवं होतं. ओसरीवर ढीग पडला. पेटीच्या दसपट. मामाजींनी माझ्या नवऱ्याला पेटीत उतरवलं आणि तुडवायला सांगितलं. ते तुडवत राहिले, आम्ही वरून कापूस टाकत राहिलो, आणि थोड्याच वेळात पेटीत कापूस आणि कापसात माझा नवरा अशी स्थिती झाली. त्यांना उपसून बाहेर काढलं. झाकण ठेवून त्यावर मामाजी, माझा नवरा आणि दुकानातला तोलणारा असे तिघं बसले आणि बसल्या बसल्या खिळे ठोकले. तिघं उठले तसं झाकण करकरलं, खिळे सुटले आणि पेटीनं मोठी जांभई दिली. पेटीतला कापूस तोलून पाहिला तर मणाच्या पासंगालाही पुरत नव्हता.

"जिनातल्या दाबात घालून आणतो," मामाजी म्हणाले.

"आणा ना. त्याचे पैसे मोजू," आत्याबाई म्हणाल्या.

कापूस बाद झाला.

मग आत्याबाईंनी पेटीचा ताबा घेतला. माझ्या आईला तिकडे काय मिळत नसेल याचा विचार पूर्ण घरात त्या एकट्यांनीच केला होता. गव्हाच्या कुरड्या, मुगाच्या वड्या, वाळवलेली अंबाडी, भिवापुरी मिरचीचं तिखट. गहू त्यांच्या माहेरचा, अल्लीपूरचा. पेटी काठोकाठ भरली, वास असा सुटला की शेजारीण विचारायला आली. तराजूत घातली तर पेटीसकट वजन अर्धा मणसुद्धा भरेना.

"नियम म्हंजे नियम," मामाजी म्हणाले. ते परसात गेले आणि जुना पाटा-वरवंटा घेऊन आले. निम्म्या कुरड्या काढल्या, तळाशी पाटा घातला, वरवंटा मधोमध बसवला आणि बाकीचं भोवताली कोंबलं. मण भरला, वर दोन शेर जास्त झाला.

मी म्हटलं, "मामाजी, कुरड्या फुटतील."

"कागद घाल मधात. मोंबासा काही दूर नाई."

पेटी दमणीत चढली. बैल घरचे, दमणी घरची, म्हणून हा खर्च शून्य. "बैल घरचे हाये," आत्याबाई म्हणाल्या, "पण कडबा का बैलाच्या घरचा हाये?" चार आणे कडब्याचे. मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच चार आणे खाल्ले.

आर्वीहून पुलगावपर्यंत तेव्हा छोटी गाडी होती. पुलगावला माल उतरवून मोठ्या लाइनीच्या गाडीत चढवायचा. मामाजी पेटीबरोबर स्वतः निघाले, पेटी एकटी सोडायला त्यांचा जीव होईना. आत्याबाई म्हणाल्या, "मी बी येतो. इतकी मेहनत केली, जाताना तं पाहू द्या." आणि त्यांना सोबत हवी म्हणून मी. पुलगावला लागूनच नाचणगाव, म्हणजे माझं माहेर. मी काही नको म्हटलं नाही.

"हे तिकिटाचे पैसे पेटीत नाई धराचे," मामाजी गाडीत बसताच म्हणाले. "हे आपलं हिंडणं हाये."

"धरू नका," आत्याबाई म्हणाल्या. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या आणि खूश होत्या. तेवढी एक सूट त्यांनी दिली.

पुलगावला मालधक्क्यावर दक्षिणेकडचे कोणी बाबू होते. कपाळाला गंध, पायात कडक इस्त्रीची पांढरी पँट, आणि नियमाला एकदम पक्के. मामाजींनी चहा विचारला तर "ड्यूटी पर नहीं" म्हणाले. पेटी परदेशी जाणार म्हणताच त्यांनी आत काय काय आहे ते सांगा म्हटलं. वड्या झाल्या, अंबाडी झाली, तिखट झालं.

"और ये कुरडई क्या चीज है?"

मामाजींनी सांगितलं, "गहू का बनता है."

बाबूंची लेखणी थांबली. "गेहूं? गेहूं बाहर नहीं जाता. बंदी है."

धान्याची टंचाई होती तेव्हा, रेशनचे दिवस नुकतेच मागे पडत होते, आणि देशातला गहू बाहेर पाठवायची कुणाला परवानगी नव्हती. मामाजी गडबडले. "गहू नहीं. गहू का... चीक. गहू भिगाया, वाटा, गाला, उसका चीक पकाया, सोऱ्या से पाडा..."

"मतलब गेहूं."

"नहीं नहीं, गहू तो फेक दिया!"

"गेहूं फेक दिया?" बाबूंना हे त्याहून वाईट वाटलं असावं.

मला पुढं सारलं गेलं, कारण मी मॅट्रिक. पण आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात कुरडई कुठंच नव्हती. मी पदराआडून एक-दोन शब्द पुटपुटले आणि मागं सरले. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "पेटी खोला. बोलून का कुरडई समजते?"

पेटी उघडली. धक्क्याच्या भिंतीमागं हमालांची बायामाणसं तीन दगडांवर स्वैपाक करत होती. आत्याबाई तिथं जाऊन बसल्या, आमच्या शिदोरीतल्या बाटलीतलं तेल कढईत ओतलं आणि एक कुरडई सोडली. ती फुलली. बाबू लांब उभे राहून पाहत होते. कढईभर पांढरं जाळीदार फूल वर आलं तसे ते दोन पावलं पुढं झाले.

"ये तो पापड है!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हमारे यहाँ भी बनता है. चावल का."

"लिखो, पापड!" मामाजी ओरडले.

बाबूंनी पापड लिहिलं. कुरडई मात्र त्यांनी घेतली नाही. ड्यूटीवर नाही म्हणजे नाही. ती हमालांच्या पोरांनी खाल्ली, मग आणखी तळल्या, मग हमालांनी खाल्ल्या. एवढं होतंय तोवर बाबू पेटीच्या तळाशी पोचले होते.

"ये पत्थर किसलिए?"

"पाटा-वरवंटा. मसाला वाटने का."

"अफ्रीका में पत्थर नहीं है?"

मामाजींनी छाती पुढं काढली. "हमारा पत्थर अच्छा है."

बाबूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि निमूट तेही लिहून घेतलं. मग म्हणाले की पेटीला लोखंडी पट्टी हवी, पट्टीशिवाय ती मुंबईपर्यंत टिकणार नाही. आणि पत्ता रंगानं, इंग्रजीत, दोन बाजूंना. पट्टी मारणारा दुसऱ्या दिवशी येणार होता. म्हणून मुक्काम नाचणगावला माझ्या काकांकडे पडला. मामाजींना सुनेच्या माहेरी विनाआमंत्रण राहायला भयंकर अवघड वाटत होतं. काकू ताटात वाढत होती आणि मामाजी दर वाढणीला "आमी मुद्दाम नाई आलो" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पट्टी लागली, मी पत्ता रंगवला, आणि पेटी मोठ्या गाडीत गेली. परतताना मी हिशेब सांगितला: छोट्या गाडीचं भाडं, हमाली, पट्टी, रंग, मोठ्या गाडीचं भाडं.

"अन् तेल," आत्याबाई म्हणाल्या.

"कोनतं तेल?"

"कुरड्या तळल्या नाई का? तेल माह्यं व्हतं."

तेलाचे सहा आणे.

पुढं मुंबईच्या एका दलालानं पेटी सोडवून जहाजावर चढवली आणि बिल पाठवलं. ते आलं त्या दिवशी मामाजी दुपारी जेवले नाहीत. कागद करण्याचे वेगळे, तोलण्याचे वेगळे, धक्क्याचे वेगळे, उचलण्याचे वेगळे, ठेवण्याचे वेगळे.

"उचलाचे दिले तं ठेवाचे कायचे?" ते ओसरीवर येरझारा घालत होते. "उचललेलं कवा तं कवा ठेवनच ना माणूस! का घेऊनच उभा राहीन?"

सगळं मिळून बावीस रुपये झाले.

काही आठवड्यांनी बाबांची पेटी आली. त्याच मापाची, कसल्याशा लाल लाकडाची. लवंगा, कॉफीच्या बिया, आईनं पाठवलेलं रंगीबेरंगी आफ्रिकन कापड, आणि वजन भरायला वर सुके नारळ. सोबत बाबांचं पत्र. त्यांनी सगळं धरलं होतं: पेटीचं लाकूड, सुतार, हातगाडी, हातगाडीवाल्याला पाजलेला चहा, बंदराचे हक्काचे पैसे, आणि त्यांच्या ओळखीच्या माणसानं पेटी फुकट चढवली त्याचीसुद्धा बाजारभावानं मजुरी. एकूण अठरा शिलिंग.

मामाजींनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "अठरा काय?"

"शिलिंग."

"शिलिंग म्हंजे तिकडचा रुपया. अन् राज्य कोनाचं? इंग्रजाचं. इंग्रजाचा रुपया आपल्या रुपयाहून मोठाच असन." ते मांडी घालून बसले. "गिन्नीचा भाऊ असन थो. दीड रुपया धर. दोन धर! छत्तीस झाले. जिंकलो का नाई?"

मी म्हटलं, "आधी विचारून घेऊ या कोणाला तरी."

पण ते पायात वहाणा घालून बाजारात पोचलेही होते. दोन शेर पेढे वाटले त्यांनी. अडत्यांना, तोलणाऱ्यांना, रस्त्यानं जाणाऱ्या गाडीवानांना. ज्याच्या हातावर पेढा ठेवला त्याला सांगितलं की आफ्रिकेपेक्षा आर्वी स्वस्त निघाली. पोस्टमास्तरांनाही द्यायला गेले. पोस्टमास्तरांनी पेढा तोंडात टाकला, चावला, गिळला आणि मग म्हणाले, "शिलिंग होय? दहा-साडेदहा आणे."

पेढा गिळेपर्यंत ते का थांबले, हे मामाजी पुढं कित्येक वर्षं विचारत असत.

घरी आले ते वहाणा न काढताच खाटेवर बसले. मी मनातल्या मनात केलं: अठरा शिलिंग म्हणजे बारा रुपयांच्या आत. आत्याबाईंनी पाण्याचा गडवा आणून दिला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "पेढे पेटीत धराचे का नाई?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींनी मला बोलावलं. पत्र लिहायचं होतं. ते खालच्या आवाजात बोलत होते आणि आत्याबाई कुठं आहेत ते दोनदा पाहून घेतलं. "मी सांगतो तसं लिहीजो. शबूद न् शबूद. आपल्या मनाचं काही घालू नोको."

"हो मामाजी."

"लिव्ह. इवाईले रामराम... नाई, रामराम नोको लिहू. नुसतं लिव्ह, पेटी पोचली. आमचा खर्च अकरा रुपये आला. बावीस आला हे नोको लिहू. सुताराचे धरू नोको, तेलाचे तं बिलकूल नोको, अन् दलालाचं अर्धं खोड. त्याले काय समजते इतक्या दूर."

मी खाली मान घालून लिहीत होते. शब्द न् शब्द. आपल्या मनाचं काही घातलं नाही, काही गाळलंही नाही. "रामराम... नाई, रामराम नोको लिहू" इथपासून "त्याले काय समजते इतक्या दूर" इथपर्यंत सगळं, स्वच्छ अक्षरात. सुनेनं सासऱ्याचा शब्द मोडू नये असं मला काकूनं निघताना बजावलं होतं. मामाजींना लांबचं दिसत होतं, जवळचं अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी खाली सही केली आणि पाकीट स्वतः पोस्टात टाकून आले. त्या रात्री मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी तोंडात पदर कोंबला. अंधारात त्यांची खाट बराच वेळ हलत होती.

बाबांचं उत्तर आलं ते मामाजींनी मलाच वाचायला लावलं. मी उभी राहून वाचलं. "तुमची पेटी मिळाली. कुरड्या वाटून पाठवायची गरज नव्हती, सोबत पाटा-वरवंटा होता, इकडे वाटल्या असत्या. तुमचं पत्रही मिळालं. अकरा पोचले आणि बावीसही पोचले."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मला वाटलं, आता माझी नाचणगावला रवानगी. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होता, शब्द न् शब्द."

त्यांच्या मिश्या थरथरल्या. राग होता की काय होतं कळेना. मग ते आत्याबाईंकडे वळून म्हणाले, "ही तुह्यापेक्षा बी बेकार निंगाली." आणि दुकानात निघून गेले. तिथं त्यांनी हा किस्सा स्वतःच सगळ्यांना सांगितल्याचं आम्हाला संध्याकाळी कळलं. फक्त सांगताना त्यात सून अडाणी होती आणि चूक तिची होती.

बाबा पुढच्या रजेवर आले तेव्हा नागपूर राजधानी राहिलं नव्हतं आणि माझी मुलगी चालू लागली होती. आई-बाबा छोट्या गाडीनं आर्वीला येणार होते. आम्ही सगळे स्टेशनवर. मामाजींनी नवीन टोपी घातली होती आणि तोंडात भलामोठा पानाचा विडा कोंबला होता. एरवी ते पान खात नसत.

गाडी आली. बाबा उतरले. आई माझ्या गळ्यात पडली. बाबा चालत मामाजींच्या समोर आले आणि उभे राहिले. हसरा चेहरा, हात पाठीमागं. मामाजींचे गाल फुगलेले. त्यांनी बोटानं तोंडाकडे खूण केली, म्हणजे पान आहे, बोलता येत नाही. बाबांनी समजूतदारपणे मान हलवली आणि तसेच उभे राहिले. त्यांना सहा महिन्यांची रजा होती. इंजिनानं शिटी दिली. हमाल सामान घेऊन गेले, परत आले. स्टेशनमास्तर दारात येऊन पाहू लागले. मामाजींच्या हनुवटीवरून लाल धार निघाली.

शेवटी आत्याबाई पुढं झाल्या. हात जोडून म्हणाल्या, "रामराम इवाई. ह्यायच्यावाला रामराम बी माह्याकडूनच घ्या."

"घरातून आला म्हंजे पोचला," बाबा म्हणाले.

मामाजींनी फलाटाच्या कडेला जाऊन पचकन पान थुंकलं. "माह्यावाला रामराम तू काऊन देतं?" ते आत्याबाईंवर ओरडले. "माह्यावाला माह्यापाशी हाये!" आणि बाबांकडे वळून, कमरेत वाकून, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "रामराम, इवाई!"

बाबांनी त्यांना तसंच मिठीत घेतलं. पांढऱ्या सदऱ्यावर पानाचा डाग पडला तो आईकडून पुढं कधीच निघाला नाही.

संध्याकाळी दोघं अंगणात खाटा टाकून बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा मामाजी विचारत होते, "तुमचं घर बंदराले लागून हाये म्हणून तुमाले सवंग पडलं. बराबर?"

"बराबर."

"मंग थ्या बंदरापाशी जाऊन राहाले तुमाले काय खर्च आला, थो धरला का?"

बाबांनी कपबशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. तिला त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. "नाई धरला," ते म्हणाले. "धरला असता तं मी हरलो असतो."

मामाजींनी कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "राहू द्या. एकदा ठरलं ते ठरलं." आणि स्वतःच्या बशीतला चहा संपवून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं की जहाज पाण्यावर उभं राहतं तेव्हा त्यात पेटी चढवतात तरी कशी, ते हलत नाही का. तेव्हा मला कळलं की विलायतेला माल पाठवणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. बाबांना ते कळलं असणार. त्यांनी हसू येऊ दिलं नाही. काडीनं मातीत जहाज काढलं, धक्का काढला, उचलणारं यंत्र काढलं, आणि अंधार पडेपर्यंत एकेक गोष्ट समजावून सांगितली. मामाजी खाटेवरून उतरून उकिडवे बसून पाहत होते.

पुढच्या हिवाळ्यात कापसाची गर्दी ओसरल्यावर मामाजी आत्याबाईंना घेऊन मुंबईला गेले. बंदर पाहिलं, त्या दलालाला भेटून उचलण्या-ठेवण्यावरून भांडले, चौपाटीवर बसले. आठवड्यानं परत आले तेव्हा आम्ही सगळे विचारायला जमलो, समुद्र कसा आहे म्हणून.

मामाजींनी पाय धुतले, टोपी खुंटीला लावली. "पाणी लय हाये," ते म्हणाले. "पण कामाचं नाई. चाखून पाह्यलं मी."

आत्याबाई म्हणाल्या, "दोन येळा चाखलं."